नागपुरात श्वसनरोग सर्वेक्षणाचे काम सुरू करताना

आरोग्य विभागात साथरोग तज्ज्ञ म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या उमेदवाराला उद्रेक तपासणीच्या पायऱ्या बहुधा तोंडपाठ असतात आणि सापेक्ष जोखमीचे सूत्रही येत असते. नागपुरात पहिल्या महिन्यात त्याची खरी अडचण होते ती दोन साध्या प्रश्नांपाशी: समोरच्या यादीतला हा रुग्ण राहतो कुठे, आणि तो आजारी कधी पडला? विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून, शिवाय मध्य प्रदेशातील छिंदवाडा, पांढुर्णा, शिवनी, बालाघाट, बैतूल येथून गंभीर रुग्ण नागपुरात आणले जातात. त्यामुळे नागपूरच्या रुग्णालयांनी कळवलेला आकडा हा नागपूरचा आकडा नसतो. तो वेगळा करता आला, तर पुढचे बहुतेक विश्लेषण जमते. तो वेगळा करता आला नाही, तर आलेख कितीही देखणे काढले तरी त्यांच्यावरून निर्णय घेता येत नाही. हे मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे.

नेमणूक आणि हद्द

राज्यांमार्फत चालणारा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. नागपुरात या कामाच्या दोन बाजू आहेत. ग्रामीण भागाची जबाबदारी जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेकडे आणि जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडे असते, तर शहराची जबाबदारी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे. नेमणूक कोणत्याही बाजूला झालेली असो, जिल्ह्यातील चौदा तालुके आणि मनपाचे दहा झोन, म्हणजे लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी, यांचा नकाशा पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावा.

या नकाशावरील कडा अधिक काळजीने पाहाव्यात. वाडी येथे स्वतंत्र नगर परिषद आहे, बेसा-पिपळा येथे नगर पंचायत आहे, कामठीत नगर परिषदेच्या जोडीला कटक मंडळाचाही भाग आहे. परंतु तेथे राहणारा माणूस रुग्णालयाच्या खिडकीवर पत्ता सांगताना सरळ ‘नागपूर’ असेच सांगतो. उलट हुडकेश्वर-नरसाळा हा भाग मनपात समाविष्ट झालेला असूनही जुन्या सवयीने तो ग्रामीण म्हणून नोंदवला जाण्याची शक्यता असते. कडेवरच्या अशा वस्त्यांची एक यादी करून प्रत्येकीसमोर ती कोणाच्या हद्दीत येते हे लिहावे आणि ही यादी दोन्ही कार्यालयांकडून तपासून घ्यावी. तसे न केल्यास एकच रुग्ण दोन्हीकडे मोजला जातो किंवा दोन्हीकडून सुटतो. सुटलेल्या रुग्णाच्या घरी सर्वेक्षणासाठी कोणीच जात नाही, म्हणून दुसरी चूक अधिक महागात पडते.

पहिला आठवडा कार्यालयाबाहेर

माहिती पाठवणाऱ्या प्रत्येक प्रमुख संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला नागपूरकर नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजेच ‘मेयो’, मिहानमधील एम्स, आणि धंतोली-रामदासपेठ परिसरातील खासगी रुग्णालये ही या जाळ्याची मुख्य ठाणी आहेत. भेटीत अधिष्ठाता किंवा संचालक यांना भेटणे शिष्टाचाराला धरून असले, तरी कामाची माणसे पुढे असतात: वैद्यकीय अभिलेख विभागातील लिपिक, अतिदक्षता विभागाच्या परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आणि खासगी रुग्णालयात विम्याची कागदपत्रे हाताळणारी व्यक्ती. या शेवटच्या व्यक्तीकडे रुग्णाचा आधारपत्रावरील पत्ता असतो. नोंदणी खिडकीवर लिहिलेल्या पत्त्यापेक्षा तो बहुधा अधिक विश्वसनीय ठरतो, मात्र तोही जुना असू शकतो हे गृहीत धरावे.

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचाराव्यात. श्वसनविकाराचा रुग्ण कोणकोणत्या विभागांत दाखल होतो? सारीची, म्हणजे तीव्र गंभीर श्वसनसंसर्गाची, नोंद नेमके कोण, कोणत्या वेळी करते? ती व्यक्ती सुटीवर असल्यास नोंद कोण करते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दिवाळीच्या आठवड्यात त्या रुग्णालयाचा आकडा शून्य येईल आणि ते शून्य आजार नसल्याचे नसेल, हे तेव्हाच टिपून ठेवावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि मनपाचे दवाखाने येथील माहिती एप्रिल २०२१ पासून एकात्मिक आरोग्य माहिती मंच या संगणकीय प्रणालीवर भरली जाते. आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरते, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून ‘पी’ नमुना भरतात आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाचा ‘एल’ नमुना भरते. तिन्ही नमुन्यांतील आकड्यांची बेरीज कधीही करू नये, कारण एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो.

व्याख्या शब्दशः पाळाव्यात

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार इन्फ्लुएन्झासदृश आजार, म्हणजे आयएलआय, हा ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक मोजलेला ताप आणि खोकला असलेला, गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला तीव्र श्वसनसंसर्ग होय. सारीत ताप मोजलेला असो किंवा रुग्णाने सांगितलेला असो, खोकला असावा, आजार दहा दिवसांच्या आत सुरू झालेला असावा आणि रुग्णाला दाखल करण्याची गरज असावी. आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, म्हणून प्रशिक्षणात १००.४ हा आकडा सांगावा. ३८ सांगितल्यास मागच्या रांगेतील निम्मे लोक ती ओळ सोडून देतात.

या व्याख्या निदानासाठी नसून मोजणीसाठी आहेत, हे डॉक्टरांना शांतपणे समजावून द्यावे लागते. ज्येष्ठ छातीविकार तज्ज्ञ म्हणतील की वृद्धाला ताप नसतानाही इन्फ्लुएन्झाचा न्यूमोनिया होतो, आणि ते खरेच आहे. तान्ह्या बाळांतही ताप नसू शकतो. तरीही व्याख्या मध्येच सैल करू नये. या वर्षीचा ऑगस्ट गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना करण्याजोगा राहावा, एवढ्यासाठी मोजमापाची पट्टी तीच ठेवावी लागते. ताप नसलेल्या पण शंका वाटणाऱ्या रुग्णाची तपासणी डॉक्टरांनी अवश्य करावी; आपण त्याची नोंद वेगळ्या रकान्यात घ्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत आशा आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदी तपासताना जलद श्वासाचे निकष लक्षात ठेवावेत: दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजला पाहिजे. एखाद्या उपकेंद्रातील सर्व नोंदी नेमक्या ४०, ५०, ६० अशा गोल आकड्यांत आल्या, तर मोजणी झालेली नाही असे समजून तेथे जाऊन यावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला या यादीत ठेवू नये. तो संशयित क्षयरोग म्हणून निक्षय या क्षयरुग्ण नोंदणीच्या प्रणालीकडे आणि थुंकी तपासणीकडे गेला पाहिजे. क्षयरोगाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे.

रुग्णयादी: सर्वाधिक वेळ येथे द्यावा

ज्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाला एक ओळ असते, त्याला आपल्या कार्यालयांत ‘लाइन लिस्ट’ म्हणतात. तिचे रकाने सर्वांना माहीत असतात. त्यांतील पत्ता आणि दिनांक हे दोन रकाने कसे भरून घ्यावेत, एवढेच येथे सविस्तर सांगतो.

पत्त्यासाठी एक रकाना पुरत नाही, चार लागतात: नेहमीचे राहण्याचे ठिकाण, आजार सुरू झाला तेव्हा रुग्ण जेथे होता ते ठिकाण, सध्या दाखल असलेले रुग्णालय, आणि आधी कोठे उपचार घेतले ते ठिकाण. समजा, मध्य प्रदेशातील सौसरचे एक शेतकरी उपचारासाठी नागपुरात मुलीकडे आले आणि नोंदणी खिडकीवर जावयाने स्वतःचा मानेवाड्याचा पत्ता दिला. एकच रकाना असेल, तर हा रुग्ण मानेवाड्याचा म्हणून मोजला जाईल, तेथे घरोघरी सर्वेक्षण होईल आणि सौसरमध्ये मात्र कोणालाही काही कळणार नाही. सौसर आणि पांढुर्णा येथील लोक घरात मराठी बोलतात, त्यामुळे बोलण्यावरूनही राज्य ओळखता येत नाही. त्यातच पांढुर्णा हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढलेला जिल्हा असल्याने जुन्या कागदांवर जिल्हाही चुकीचा निघतो. म्हणून ‘जिल्हा’ विचारण्याऐवजी ‘तुमच्या गावाहून जवळचे तालुक्याचे ठिकाण कोणते आणि गावात पाणी कोण सोडते, ग्रामपंचायत की नगरपालिका’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर सहसा चुकत नाही.

रुग्ण बाहेरचा निघाला, म्हणजे आपले काम संपले असे मानण्याची एक वाईट सवय आहे. मनपाच्या तक्त्यात ‘शहराबाहेरील’ असा रकाना असतो आणि त्यात टाकलेला आकडा कोणी पुन्हा पाहत नाही. प्रत्यक्षात त्याच दिवशी संबंधित जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याला लेखी कळवणे हे आपले कर्तव्य आहे आणि रुग्ण दुसऱ्या राज्यातील असल्यास राज्य सर्वेक्षण कक्षालाही त्याची प्रत गेली पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागातील लहान मुले मूत्रपिंड निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली. सुरुवात साध्या सर्दी-खोकल्याने आणि तापाने झालेली होती. कारण निघाले ते खोकल्याच्या सिरपमध्ये मिसळलेले डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन. आजार एका राज्यात सुरू झाला आणि त्याचे गांभीर्य दुसऱ्या राज्यातील अतिदक्षता विभागात दिसले. अशा वेळी एकाच तालुक्यातून काही दिवसांत आलेली चार-पाच मुले एका ओळीखाली एक दिसली पाहिजेत, आणि ती तेव्हाच दिसतात जेव्हा ‘शहराबाहेरील’ या रकान्यामागे तालुक्याचे नाव असते. या प्रकरणाने आणखी एक गोष्ट दाखवली: आधी घेतलेली औषधे हा रकाना श्वसनरोगाच्या यादीतही हवा.

आता दिनांक. लक्षणे सुरू झाल्याचा दिनांक, दाखल झाल्याचा दिनांक, नमुना घेतल्याचा दिनांक, अहवालाचा दिनांक आणि आपल्याला कळल्याचा दिनांक हे पाच दिनांक वेगवेगळे आहेत. साथीचा आलेख नेहमी पहिल्या दिनांकावर काढावा. अहवालाच्या दिनांकावर काढलेला आलेख साथीपेक्षा प्रयोगशाळेच्या कामाचा वेग अधिक दाखवतो; शनिवार-रविवारी तो खाली बसतो आणि सोमवारी-मंगळवारी उसळतो. ‘ताप कधीपासून?’ असे विचारल्यास ‘आठ दिवस झाले’ असे उत्तर येते, आणि नागपुरात ‘आठ दिवस’ याचा अर्थ एक आठवडा, म्हणजे सहा ते आठ यांतील काहीही असू शकतो. त्यामुळे वार विचारावा, बाजाराचा दिवस विचारावा, शाळा कोणत्या दिवशी बुडाली ते विचारावे. मिळालेला वार कॅलेंडरवर पाहून दिनांक आपण लिहावा.

नमुना आणि उन्हाळा

घशातील व नाकातील स्वॅब लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत घेतल्यास विषाणू सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. काडी कृत्रिम धाग्याच्या टोकाची असावी; लाकडी काडी वापरू नये. नमुना विषाणू वाहतूक माध्यमात ठेवून २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात शक्यतो ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. त्याहून उशीर होणार असेल, तर उणे ७० अंशांची व्यवस्था लागते. नरखेड किंवा भिवापूरहून मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दुपारी दुचाकीवरून शीतपेटी पाठवण्यात अर्थ नाही. सकाळी लवकर निघणारे वाहन ठरवून घ्यावे आणि पेटी उघडताना आतील तापमान लिहून ठेवण्याची सूचना प्रयोगशाळेला द्यावी. बर्फाचे पॅक वितळलेल्या पेटीतून आलेला ‘नकारात्मक’ अहवाल हा नकारात्मक समजू नये.

आरटी-पीसीआर चाचणीची क्षमता नागपुरात कोविडच्या काळात, २०२० पासून, मोठी वाढली: मेयो, मेडिकल, एम्स यांच्याबरोबर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठानेही तेव्हा चाचण्या केल्या. नीरीने विकसित केलेली मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना घेण्याची पद्धत तर याच शहरातील आहे. आज नमुना कोठे पाठवायचा हे मात्र जुन्या आठवणीवर ठरवू नये. चालू परिपत्रक पाहावे. खासगी प्रयोगशाळेच्या बहुविध, म्हणजे एकाच वेळी अनेक विषाणू शोधणाऱ्या, तपासणी संचात एखादा अपरिचित विषाणू आढळल्यास शासकीय प्रयोगशाळेकडून आणि गरजेप्रमाणे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून त्याची फेरतपासणी होईपर्यंत जाहीर काहीही बोलू नये. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनविषाणूवरून देशभर जी धावपळ झाली, ती आठवावी. तो विषाणू २००१ मध्येच ओळखला गेला होता आणि दर वर्षी मुलांमध्ये आढळत होता.

सोमवारचा तक्ता

सर्वेक्षणाचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. त्यामुळे सोमवारी सकाळी मागील आठवड्याची आकडेवारी पाहणे हे कामाचे केंद्र आहे आणि त्या वेळी शक्यतो बैठका ठेवू नयेत, हे वरिष्ठांना सुरुवातीलाच नम्रपणे सांगून ठेवावे.

आकडे पाहण्याआधी किती केंद्रांनी माहिती पाठवली ते पाहावे. मागील आठवड्यात चाळीस केंद्रांतून दोनशे रुग्ण आणि या आठवड्यात तीस केंद्रांतून एकशे साठ रुग्ण आले असतील, तर साथ उतरलेली नाही. त्यानंतर भाजक पाहावा. सारीच्या रुग्णांची संख्या एकटी पुरेशी नसते. त्याच विभागांत त्या आठवड्यात एकूण किती रुग्ण दाखल झाले, हेही दर आठवड्याला मागावे. ही संख्या देण्यास रुग्णालये कुरकुर करतात, पण पहिल्या भेटीतच मागितली तर मिळते. त्याचप्रमाणे सकारात्मकतेचे प्रमाण लिहिताना तपासलेल्या नमुन्यांची संख्या शेजारी लिहावी. आठ नमुन्यांतील दोन आणि ऐंशी नमुन्यांतील वीस यांचे प्रमाण सारखेच २५ टक्के असते, परंतु पहिल्यावरून काहीही ठरवता येत नाही.

अलीकडच्या दोन आठवड्यांचे स्तंभ आलेखात फिक्या रंगाने दाखवावेत. लक्षणे सुरू झाल्यापासून नोंद आपल्यापर्यंत येण्यास वेळ लागतो, बाहेरगावचा रुग्ण तर आधी गावात, मग तालुक्याला, मग नागपुरात असा फिरून येतो. त्यामुळे लक्षणांच्या दिनांकावर काढलेल्या आलेखाचे शेवटचे टोक नेहमीच खाली झुकलेले दिसते. त्या झुकण्याला ‘साथ आटोक्यात’ असे नाव देण्याचा मोह बैठकीत कोणाला तरी होतोच. फिका रंग त्या वेळी उपयोगी पडतो.

नेहमीपेक्षा अधिक म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी मागील पाच वर्षांच्या त्याच आठवड्यांची सरासरी काढून तिच्यात प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत याच्या मापाच्या) दुप्पट मिळवण्याची साधी पद्धत वापरली जाते. पण २०२० ते २०२२ ही वर्षे त्यात जशीच्या तशी घेऊ नयेत. त्या काळात चाचण्या, रुग्णालयात येण्याच्या सवयी आणि इतर विषाणूंचा प्रसार हे सर्वच बदललेले होते. ती वर्षे वगळल्याने आधार कमी वर्षांचा राहतो हे खरे, तरीही कमी वर्षांचा खरा आधार बरा. आपल्या भागात इन्फ्लुएन्झाचा एक चढ पावसाळ्यात आणि दुसरा साधारण जानेवारी ते मार्च या काळात येतो. त्याच्या जोडीला शहराची स्वतःची दिनदर्शिका ठेवावी: दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, ताजबागचा उर्स, दिवाळीतील फटाक्यांचा धूर, डिसेंबरमधील विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. हवेच्या गुणवत्तेची दैनिक नोंदही शेजारी असावी, कारण नागपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे आणि कोराडी-खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे जवळच आहेत. मात्र धूर वाढला त्याच आठवड्यात दमा वाढला, एवढ्यावरून कारण सिद्ध झाले असे अहवालात लिहू नये.

मृत्यू आणि मृत्युदर

स्वाइन फ्लू म्हणून ओळखला गेलेला एच१एन१ हा २००९ च्या महासाथीनंतर हंगामी विषाणू झाला आहे. आपल्याकडील वर्गवारीनुसार सौम्य लक्षणांच्या ‘अ’ गटातील आणि तीव्र ताप असलेल्या किंवा जोखमीच्या ‘ब’ गटातील रुग्णांची तपासणी करण्याची गरज नसते; ‘ब’ गटाला तपासणीविना ऑसेल्टामिविर हे इन्फ्लुएन्झावरील औषध देता येते. तपासणी होते ती धाप, छातीत दुखणे, रक्तदाब घटणे अशी लक्षणे असलेल्या ‘क’ गटाची. उपचारांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण त्यामुळे ‘खात्रीचे रुग्ण’ म्हणजे मुख्यतः गंभीर रुग्ण ठरतात. समजा, चाळीस खात्रीच्या रुग्णांपैकी आठ दगावले, तर मृत्युदर २० टक्के असे वृत्तपत्रात छापून येईल. तो आकडा दाखल झालेल्या गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण आहे. शहरात एच१एन१ झालेल्या सर्व लोकांतील मृत्युदर तो नव्हे. अहवालात हे वाक्य पूर्ण लिहावे, तळटीपेत ढकलू नये.

मृत्यू विश्लेषण समितीच्या बैठकीसाठी साथरोग तज्ज्ञाने कागद आधी तयार ठेवावेत: पहिल्या लक्षणापासून ऑसेल्टामिविर सुरू होईपर्यंत गेलेले दिवस, संदर्भित होण्यात गेलेला वेळ, सहव्याधी, गर्भारपण, आणि अर्थातच राहण्याचे ठिकाण. बैठकीत एखादा मृत्यू ‘आमच्या हद्दीतील नाही’ यावर बराच वेळ जाऊ शकतो. पत्त्याचे चारही रकाने भरलेले असतील, तर तो वेळ वाचतो आणि उपचाराला उशीर कोठे झाला या प्रश्नाकडे वळता येते.

अफवा, बातमी आणि उद्रेक

उद्रेकाची पहिली खूण पुष्कळदा प्रणालीबाहेरून येते: एखाद्या आशाताईंचा फोन, स्थानिक वृत्तपत्रातील चार ओळी, शाळेच्या पालकांच्या गटावरील निरोप. प्रत्येक बातमीची वेळेसह नोंद करावी आणि पडताळणी शक्यतो त्याच दिवशी करावी. समजा, हिंगण्याच्या एका वसतिगृहात तापाने मुले आजारी असल्याचे कळले. निघण्यापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करावा. त्यांना न सांगता त्यांच्या तालुक्यात पोहोचणे उद्धटपणाचे तर आहेच, शिवाय पुढची सहा महिने मदत मिळत नाही. पोहोचल्यावर आधी उपस्थितीपट आणि भोजनगृहाची नोंदवही मागावी, कारण कोणत्या दिवशी किती मुले जेवायला आली नाहीत यावरून सुरुवातीचा दिवस सापडतो. इन्फ्लुएन्झाचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, साधारण एक ते चार दिवसांचा असल्याने आलेख एकेका दिवसाच्या स्तंभांचा काढावा. खोलीनिहाय आजाराचे प्रमाण काढताना खोलीत राहणारी एकूण मुले लिहून घेण्यास विसरू नये. सर्वांचे नमुने घेण्याची गरज नसते. नव्याने आजारी पडलेल्या पाच ते दहा मुलांचे पुरतात. अहवाल येण्याची वाट न पाहता आजारी मुलांना वेगळे ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि धाप लागलेल्यांना तत्काळ पाठवणे हे सुरू करावे.

पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या बातम्याही याच वहीत याव्यात. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागातील शासकीय अंडी उबवणी केंद्रात एच५एन१ बर्ड फ्लूमुळे कोंबड्या दगावल्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्यातही हाच विषाणू असल्याचे जानेवारीत सांगितले. अशा वेळी पशुसंवर्धन विभाग एक किलोमीटर आणि दहा किलोमीटर अशी क्षेत्रे आखून काम करतो. आपले काम माणसांचे असते: पक्षी हाताळणारे कामगार, त्यांना नष्ट करणारे पथक, पशुवैद्यक आणि पिंजरा साफ करणारे यांची नावानिशी यादी करून शेवटच्या संपर्कानंतर दहा दिवस त्यांचा ताप-खोकला दररोज विचारावा. कंत्राटदाराकडून आलेले रोजंदारीचे मजूर या यादीतून नेहमी सुटतात, आणि सर्वांत अधिक संपर्क त्यांचाच आलेला असतो. पशुसंवर्धन आणि वन विभागातील संबंधित अधिकाऱ्यांचे क्रमांक आधीच घेऊन ठेवावेत. घटना घडल्यावर ओळख करून घेण्यात पहिला दिवस जातो.

माहिती कोणाला, किती

रुग्णाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी असलेली यादी व्हॉट्सअॅप गटांवर टाकण्याची पद्धत कोविडच्या काळात रुळली आणि ती मोडणे कठीण जाते. गटावर केवळ झोननिहाय किंवा तालुकानिहाय आकडे द्यावेत, नावांची यादी प्रत्यक्ष भेट देणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाच द्यावी. पत्रकारांना माहिती देण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे कार्यालयीन आदेशात पाहून घ्यावे आणि त्या अधिकाऱ्यासाठी दर आठवड्याला अर्ध्या पानाचे टिपण तयार ठेवावे, ज्यात शहरातील रहिवासी, जिल्ह्यातील ग्रामीण रहिवासी, इतर जिल्हे आणि इतर राज्ये असे चार आकडे स्वतंत्र असतील. माहिती देणाऱ्या खासगी डॉक्टरांनाही हेच टिपण पाठवावे. कोणता विषाणू सध्या फिरतो आहे हे त्यांना रुग्ण पाहताना उपयोगी पडते, आणि ज्यांना काही परत मिळते ते पुढच्या आठवड्यात फोन न करताही आकडे पाठवतात.

या पदांवरील नेमणुका बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून ठराविक मुदतीच्या कराराने होतात, त्यामुळे माणसे बदलत राहतात. कोणत्या रुग्णालयातून माहिती कोण देते, कोणत्या वस्तीची हद्द कशी ठरवली, कोणत्या आठवड्यात कोणत्या केंद्राची माहिती आलीच नव्हती आणि व्याख्येत किंवा तपासणी संचात कधी बदल झाला, याची दिनांकवार नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवावी. ती स्वतःच्या फोनमध्ये न ठेवता कार्यालयाच्या संगणकावर, रुग्णयादीच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिची एक छापील प्रत सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे द्यावी.